भवानीच्या वेळी जाळलेला कागद

ह्वे शहरात चांगलं च्ये कुठे मिळतं, असं कुणी विचारलं, की मी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घ्यायची आणि म्हणायची, "तू उभा कुठे आहेस बाबा? मग विचारतोस काय?"

च्ये म्हणजे आमचं गोड. वाटीत घ्यायचं, चमच्याने खायचं. मुगाचं, मक्याचं, राळ्याचं, कोनफळाचं, आणि सगळ्यांच्या वर कमळाच्या बियांचं. कोटाच्या आत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझी चूल आहे, चार बुटकी टेबलं आहेत आणि माझं तोंड आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, सेनआजीकडे एका वाटीत दोन चवी, गोड वाटीतून आणि तिखट वरून. मला त्याचा राग येत नसे. ज्याच्या हाताला चव असते त्याच्या जिभेला धार असणारच.

बाकीच्यांना मी काय काय म्हटलंय ते आता आठवलं तरी कान गरम होतात. बाजारातलं च्ये म्हणजे रंगवलेलं पाणी. नदीपलीकडची ती जाडी मुगात पीठ इतकं घालते, की उरलं तर भिंतीला कागद चिकटवावेत. बेटावरचं मक्याचं बरं असतं, पण ते मका चांगला म्हणून, बाई चांगली म्हणून नव्हे. हे सगळं मी भर रस्त्यात, डाव हातात धरून म्हणत असे.

या वर्षी माझ्या नातीचं, उयेनचं, लग्न ठरायचं होतं. उयेन तिशीला टेकली आहे. आधी एक स्थळ आलं होतं, बोलणी बरीच पुढे गेली होती, आणि मोडलं. मी मुलाच्या आईला एवढंच म्हणाले होते, की तुमच्याकडचा भात खाल्ल्यावर मला आमच्या डुकरांची आठवण झाली. सगळे म्हणाले, आजीच्या तोंडामुळे मोडलं. मी म्हणाले, मुलगाच शेंबडा होता. तेव्हा उयेन माझ्या बाजूने उभी राहिली होती. पण आता तिने स्वतः निवडलेला मुलगा होता, खोय नावाचा, नदीवरच्या बोटींची यंत्रं दुरुस्त करणारा. तिने मला सरळ सांगितलं, "आजी, हे मोडलं तर मी दुसरं बघणार नाही. तुला सांगून ठेवते."

खोयला आईबाप नाहीत. किम लाँगच्या बाजूला एका बागेतल्या घरात आजीने वाढवलाय. आजी जुन्या राजघराण्यातली. राजे गेले, महाल तिकीट लावून दाखवतात, पण त्या घराण्यातल्या बाया अजून पुटपुटल्यासारखं बोलतात आणि मांजरीसारखं खातात. त्या बाईला मी पाहिलेलं नव्हतं. ती कुठे जात-येत नाही, असं खोय म्हणाला होता. सहाव्या महिन्याच्या तृतीयेला ती खोयला घेऊन आमच्याकडे पहिल्या बोलण्याला येणार होती.

त्याआधी दोन दिवस, प्रतिपदेला, जे व्हायचं ते झालं.

प्रतिपदेला माझी सून न्हान पहाटेच बुद्धाच्या देवळात जाते. एरवी बिया सोलायला, निवडायला ती असते. कमळाच्या बीच्या पोटात हिरवा कोंब असतो, तो सुईने ढकलून काढावा लागतो. राहिला तर सबंध वाटी कडूजहर. त्या दिवशी मी एकटीनेच बिया केल्या, एकटीनेच शिजवल्या, खडीसाखर घातली, चाखलं, आणखी थोडी घातली. नव्या वर्षाच्या आधी मला मोठा ताप येऊन गेला होता, आणि तेव्हापासून बाजारात काही धड मिळतच नव्हतं. मासळी फिकी, मीठ बोथट, मिरचीत दम नाही. न्हानला मी रोज त्यावरून बोलत होते, की तुला कुणीही काहीही गळ्यात मारतं.

चूल पेटून बराच वेळ झाला तरी गल्लीतलं कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. महिन्याचा पहिला दिवस, त्यात भवानी व्हायची. पहिलं गिऱ्हाईक कसं येतं त्यावर सबंध महिना जातो. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. तेवढ्यात एक बाई आली. फिकट तपकिरी कपडे, ताडपानाची टोपी तोंडावर ओढलेली, पायात रबरी चपला. टेबलाजवळ आली नाही. लांबच थांबली आणि म्हणाली, "ताई, भवानी झाली ना तुमची?"

भल्या घरची माणसं आमच्याकडे असं विचारतात. आपला पायगुण कसा आहे कुणास ठाऊक, दुसऱ्याचा महिना का बिघडवा, म्हणून. मला वाटलं, बाई लाजरी दिसतेय, नाही म्हटलं तर परत फिरेल.

"झाली की! केव्हाच झाली," मी म्हणाले. "या, बसा."

ती बसली. टोपी काढली नाही. "बिया तिन तामच्या तळ्यातल्या का हो?"

"मग काय मोरीतल्या?"

"आणि लाँगनची फळं? कोटातल्या झाडांची?"

"बाई, तुम्ही खायला आलात की शिरगणतीला?"

शेजारचा न्हावी, थो त्याचं नाव, फिदीफिदी हसला. मी वाटी भरून पुढे ठेवली. तिने एक चमचा तोंडात घातला. तोंड हललं, मग थांबलं. गिळलं तिने, ते दिसलं मला, कारण गिळायला तिला वेळ लागला. मग चमचा खाली ठेवला, वाटी दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली, तिच्या खाली नोट ठेवली आणि अगदी हळू विचारलं,

"ताई, रागावू नका. या शहरात कमळाचं चांगलं च्ये आणखी कुठे मिळेल, सांगाल का?"

मला! माझ्या चुलीसमोर बसून!

"मिळेल ना," मी म्हणाले. "वर, यमाकडे. लवकरच पोहोचाल, तेव्हा विचारा. आणि ही नोट उचला. न खाल्ल्याचे पैसे सेन घेत नाही."

तिने नोट उचलली, मान लववली आणि निघाली. म्हणजे भवानी तर झाली नाहीच, उलट पहिल्याच गिऱ्हाइकाने वाटी टाकली. प्रतिपदेला! माझं डोकं फिरलं. मी वर्तमानपत्राचं पान फाडलं, चुलीत पेटवलं आणि भांड्यावरून, टेबलांवरून फिरवलं. सगळेच फिरवतात तसं. पण बाकीचे गिऱ्हाइकाला आधी वळणाआड जाऊ देतात आणि तोंडातल्या तोंडात म्हणतात. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडले, "चांगला पायगुण राहो, पांढरे पाय चालते होवोत! जा, जा, जा!" आणि जळता कागद तिच्या मागे फेकला.

थो म्हणाला, "आजी, जरा हळू. तिची टोपी पेटेल." लॉटरीची तिकिटं विकणारी पोटावर हात धरून हसली. मीही हसले.

वळणावर ती बाई मागे फिरली. कागद रस्त्यावर अजून जळत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट केली आणि गेली.

न्हान देवळातून आली ती सरळ भांड्याशी. "आई, आज कमळाचं काढलंत? मी आल्यावर काढायचं म्हणाले होते ना?"

"तुझी परवानगी घ्यायला देवळात येऊ?"

पदर खोचल्यासारखं बाह्या वर करून तिने भांडं आत नेलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर आणलं. मला वाटलं, हिला माझी चूल हवी आहे. सुनांना हवीच असते. मीही माझ्या सासूची घेतलीच की.

तृतीयेला मी घरात जाहीर केलं, की आज भांड्याला कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांना बियाभरलं लाँगन द्यायचं होतं. एकेका फळातली बी काढून तिच्या जागी कमळाची बी बसवायची, म्हणजे चावल्यावर आधी रस आणि मग पिठूळ गोडवा. हे ज्या बाईला येतं तिने ह्वेमध्ये कुणापुढे मान खाली घालायची नाही.

न्हान दोनदा येऊन गेली. "आई, निदान बिया मी बघते."

"लग्न तुझं आहे?"

"नाही, पण उयेनचं आहे म्हणूनच…"

"म्हणूनच काय? बोल की. तोंडात काय मुगाचा गोळा आहे?"

ती गेली. मी तीनदा चाखलं. तिन्ही वेळा थोडी साखर घातली.

पाहुणे आले. माझा मुलगा विन्ह दारात उभा राहून "या, या" म्हणत होता. खोयच्या हातात विड्याचा डबा होता. त्याच्या मागे एक बाई होती, गडद जांभळा लांब अंगरखा, केस नीट बांधलेले, गळ्यात जुन्या मण्यांची माळ. तिने उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवण्याआधी जरा थांबून मान वर केली.

तीच होती.

माझे हात तबकावर होते. मी तबक खाली ठेवलं.

"नमस्कार, सेनताई," ती म्हणाली. "मी खोयची आजी. हुएन." आणि डोळे खाली.

बस्स. ओळख दाखवली नाही, टोमणा नाही, ओठसुद्धा हलला नाही. मला वाटलं होतं, बोलेल काहीतरी, मग मीही बोलेन, आणि भांडण झालं की मला रस्ता सापडतो. भांडणात मी कधी हरलेली नाही. पण ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यात मला उभं राहायला जागा सापडेना.

विडे झाले. चहा झाला. पाऊस, नदीचं पाणी, बोटी, सगळं बोलून झालं. मग वाट्या गेल्या. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. विन्हने पहिला घास घेतला आणि चहाचा पेला उचलला. न्हान मान खाली घालून खात होती, भराभर, औषध घेतल्यासारखी. खोयने सगळी वाटी संपवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "छान झालंय, आजी," तो म्हणाला. हुएनबाईंनी एक चमचा घेतला आणि वाटी दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

तसंच. त्या दिवशीसारखं.

माझी जीभ सुटली. "राजघराण्यातल्या जिभेला आमच्या गल्लीतलं गोड कसं उतरावं! तिला सोन्याचा चमचा पाहिजे."

"आजी!" उयेन ओरडली.

"दोष माझ्या जिभेचा आहे, ताई," हुएनबाई म्हणाल्या. "वय झालं."

मग त्या उठल्या. आमच्याकडे पहिल्या बोलण्याच्या शेवटी मुलाकडच्या वडीलधाऱ्याने पुढची तारीख काढायची असते, सुपारी घेऊन अमुक दिवशी येतो म्हणायचं असतं. खोय त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "बघू. कळवते." ह्वेमध्ये कुणी नाही म्हणत नाही. "बघू" म्हणतात.

ते वळणापर्यंत पोहोचले नसतील, तोच थो दारात. हातात वस्तरा, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून आलेला. "सेनआजी, ही तीच ना हो, जिच्यामागे तुम्ही परवा कागद जाळलात?"

विन्ह म्हणाला, "कसला कागद?"

उयेनने विचारलं नाही. ती खाली बसली, हुएनबाईंची वाटी जवळ ओढली, फळातून बी काढली आणि नखाने दोन भाग केले. मग दुसरी. मग तिसरी. दाराच्या उजेडात माझ्या डोळ्यांजवळ धरली. हिरवा कोंब. आणखी एकीत. आणखी एकीत. मी एकेक बी सुईने टोचली होती, माझ्या बोटांना ठाऊक आहे. पण सुई कुठून गेली आणि कोंब कुठे राहिला हे डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

"मग तू बोलली का नाहीस?" मी न्हानवर धावून गेले.

"रोज बोलते, आई," न्हान म्हणाली. "तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा बिया पुन्हा निवडते. साखर कमी करायला पाणी घालते. प्रतिपदेला मी नव्हते. आणि आज तुम्ही हात लावू दिला नाहीत."

"डोळे गेले असतील माझे. पण मी चाखलं होतं! तीनदा!"

उयेन उठली. "मागच्या वेळी मी तुझ्या बाजूने बोलले होते, आजी," ती म्हणाली, आणि आत गेली. दार आपटलं नाही तिने. आपटलं असतं तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी विड्याची पानं आणि कोवळ्या सुपाऱ्या तबकात घातल्या, वर लाल फडकं टाकलं आणि सायकलरिक्षाने किम लाँगला निघाले. बरोबर कुणी नको म्हणाले. मी माफी मागताना माझ्या घरच्या कुणी बघावं एवढं माझं मन मोठं नाही. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत होते, आणि प्रत्येक वेळी शेवटी माझी बाजू वर येत होती. कोंब राहिले हे मान्य. पण भर बाजारात बाईला असं विचारतात का? असं.

घर जुनं, बुटकं, पपनसांच्या झाडांत. हुएनबाई अंगण झाडत होत्या. मला बघून त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, बाहीने स्टूल पुसलं आणि मला बसवलं. काही बोलायच्या आधी चहा आणला. मी दोन पेले प्याले, कारण तोंडात पेला असेपर्यंत बोलावं लागत नाही.

मग मी तबक पुढे सरकवलं. "ताई, त्या दिवशी मी जे केलं…"

"त्यात तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं?"

"मी विचारलं होतं ना तुम्हाला. भवानी झाली का म्हणून."

मी खोटं बोलले होते, आणि ते तिला त्या जळत्या कागदावरूनच कळलं होतं. भवानी झालेल्या दुकानातून कुणी पायगुण हाकलत नाही.

"मी कुठेच पहिली जात नाही," हुएनबाई म्हणाल्या. "नवरा लग्नानंतर लगेच गेला. मग मुलगा आणि सून, दोघं एकाच पुरात. सासरचे म्हणायचे, पांढऱ्या पायाची आहे. शेजारच्या लग्नाला बोलावणं आलं तर मी विडा पाठवते, स्वतः जात नाही. बाजारात कुणीतरी दुसरं खरेदी करेपर्यंत पोस्टाच्या भिंतीशी उभी राहते. त्या दिवशी म्हटलं, नातसुनेचं घर एकदा लांबून बघावं. तुम्ही 'झाली' म्हणालात, मला बरं वाटलं. म्हटलं, आता बसायला हरकत नाही. वाटी कडू लागली तेव्हा वाटलं, हा आपलाच पायगुण की काय, म्हणून दुसरीकडचं चाखून बघायला विचारलं."

"आणि मी…"

"तुम्ही कागद जाळलात. मी म्हटलं, या बाईला न सांगता कळलं."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर केलं असतं. ती पपनसाच्या झाडाखालची पडलेली फळं मोजल्यासारखं बोलत होती. मी गल्लीत, बाजारात, घाटावर शेकडो बायकांना घालूनपाडून बोलले आहे. त्या उलटून बोलतात, हिशेब पुरा होतो. हिच्या मागे मी फेकलेला कागद ही उचलून घरी घेऊन आली होती.

"मग काल कशा आलात?"

"खोयला दुसरं कुणी नाही. पण तारीख तोंडातून निघेना. माझ्या तोंडाने काढलेली तारीख त्या पोरीला कशी लाभायची?"

म्हणजे 'बघू' हे मला नव्हतंच. ते तिने स्वतःला म्हटलं होतं. आणि उयेन तिकडे घरात माझ्याशी न बोलता बसली होती.

"ताई," मी म्हणाले, "वाटी कडू होती. तुमचा पाय नव्हे. बियांत कोंब राहिले होते. माझ्या हातून राहिले."

ती हसली, समजूत घातल्यासारखी. "तुम्ही माझं मन राखताय. ह्वेची बाई स्वतःच्या भांड्याला कडू म्हणेल का? आणि तुमच्यासारखी? तुम्ही चाखल्याशिवाय वाटी पुढे ठेवणार?"

"चाखलं होतं," मी म्हणाले. "तेच तर…"

तेच तर मलाही उलगडत नव्हतं.

हुएनबाई माझ्या पेल्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, चहा कसा आहे?"

"छान आहे. मोगऱ्याचा ना?"

त्यांनी किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. "हा कमळाच्या कोंबांचा काढा आहे. मला झोप येत नाही म्हणून घेते, चांगला काळा उकळून. गडबडीत तुम्हाला माझ्याच किटलीतला ओतला. तुम्ही पहिला घोट घेतलात तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पण तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, रागाने पिताय."

मी पेला उचलला आणि पुन्हा प्याले. ऊन पाणी. हिरवे कोंब, ज्यांतला एक राहिला तरी वाटी फेकावी लागते, ते मूठभर उकळलेले, आणि माझ्या तोंडात ऊन पाणी.

त्या आत गेल्या आणि बशीत दोन चिमट्या घेऊन आल्या. "जीभ काढा." मी काढली, दवाखान्यातल्या पोरासारखी. पहिली चिमूट जरा चुरचुरली. ते मीठ असावं. दुसरी वाळूसारखी होती.

"ही साखर," त्या म्हणाल्या.

मासळी फिकी नव्हती. मीठ बोथट नव्हतं. मिरचीत दम होता, रोज होता, आणि न्हान रोज माझं ऐकून घेत होती. बाजारातली, नदीपलीकडची, बेटावरची, सगळ्यांची वाटी मी या वर्षीसुद्धा मागवून चाखली होती आणि रस्त्यात उभी राहून निकाल दिला होता. कशाच्या जोरावर? माझ्या तोंडात लाकडाचा तुकडा होता. मी लाल फडकं उचलून तोंडावर धरलं. हुएनबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला निदान रागावता आलं असतं.

"तापानंतर?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"कुणाला ठाऊक आहे?"

"मला नव्हतं."

त्या म्हणाल्या, आणि मला नव्हे, अंगणाला म्हटल्यासारखं, "म्हणजे त्या दिवशी कडू मी नव्हते."

"तुम्ही नव्हता," मी म्हणाले. "मी होते. माझं भांडं, माझी जीभ, आणि खोटं बोलले तीही मीच. कागद माझ्यावर जाळायला हवा होता. न्हावी समोर होता, त्याला सांगितलं असतं तर त्याने खुशीने जाळला असता."

तेव्हा मात्र त्या हसल्या. हसताना हात तोंडावर ठेवला, त्यांच्याकडची पद्धत. मग तबकातलं एक पान उचललं, पुसलं, चुना लावला आणि दुमडून तोंडात घातलं. आमच्याकडे याचा अर्थ कुणाला समजवावा लागत नाही.

"पौर्णिमेला येते," त्या म्हणाल्या. "सुपारी घेऊन. उयेनला सांगा."

"तुम्हीच सांगा तिला. माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही."

घरी आले तेव्हा टेबलं भरलेली होती. न्हान वाढत होती. थो होता, तिकीटवाली होती, कोपऱ्यावरचा मास्तर होता. उयेन आतल्या दारात उभी होती. फोन तिला आधीच येऊन गेला होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती माझ्याजवळ आली नाही. वाट बघत होती.

रिक्षात बसल्यापासून मी ठरवलं होतं, की हे आत बोलायचं, दार लावून. पण आत जायला टेबलांमधून जावं लागतं, आणि मध्येच माझे पाय थांबले. डाव न्हानच्या हातात होता. मी म्हणाले, "न्हान."

"हो, आई."

"मला गोड कळत नाही. कडूही नाही. ताप आल्यापासून." आवाज मोठाच निघाला, मला हळू बोलताच येत नाही. "उद्यापासून तू चाखायचं. बियाही तूच करायच्या. मी आता पुढे नाही उभी राहणार."

बोलून झाल्यावर मी वाट बघत राहिले. कुणीतरी म्हणेल, काय सांगता सेनआजी! कुणीतरी म्हणेल, छे हो, तुमच्या हाताला काय झालंय!

थो वाटीत बघत होता. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिकीटवालीने तिकिटांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. तेव्हा मला कळलं, की ही सगळी सकाळी न्हान देवळातून किंवा बाजारातून आल्यावरच का येतात, आणि प्रतिपदेला पहाटे गल्लीत कुत्रंसुद्धा का फिरकलं नव्हतं. इतके महिने सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या तोंडाच्या भीतीने कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि एक अनोळखी बाई आली तेवढी फसली होती.

"बरं, आई," न्हान म्हणाली. चकित झाली नाही. खूश झाली असती तरी मी समजले असते. तिने फक्त पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, गिऱ्हाइकांतलं, आणि पुढची वाटी भरायला वळली.

मी बसले. मान वर करायला मला फार वेळ लागला.